पोटाचा घेर आणि वरचं बीपी

या वेळी सगळे प्रश्न एकाच गाठीभोवतीचे घेतले आहेत: मोठ्या माणसांचं वजन आणि त्यांचा रक्तदाब. उत्तरं फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून दिली आहेत. गोळ्यांची नावं आली आहेत ती घरातल्या पाकिटावरचं नाव ओळखता यावं म्हणून. वाचून कुणी परस्पर गोळी सुरू करू नये, बंद तर त्याहून करू नये.

प्रश्न : वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. तीन वेगवेगळ्या दिवशी बीपी १४८/९४ च्या आसपास आलं. डॉक्टर म्हणाले, "आधी वजन उतरवा." चरबी पोटावर आणि दाब रक्तवाहिन्यांत, या दोघांची गाठ पडते कुठे? (चिपळूण)

गाठ पडते मूत्रपिंडात. शरीरातलं जादा मीठ आणि पाणी बाहेर टाकायचं काम त्याचं. पोटात आतड्यांभोवती आणि खुद्द मूत्रपिंडाभोवती चरबी साठली की ती त्याला बाहेरून दाबते. शिवाय चरबी ही काही कोठीतल्या भातासारखी नुसती पडून राहत नाही. ती अँजिओटेन्सिनोजेन तयार करते. त्यापासून पुढे रक्तवाहिन्या आकसवणारं आणि मीठ धरून ठेवायला लावणारं द्रव्य बनतं. चरबीतून सुटणारं लेप्टिन मेंदूमार्फत मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या नसा चेतवतं. पोट सुटलेल्यांमध्ये इन्सुलिनही बहुधा वाढलेलं असतं आणि तेही मीठ अडवतं. अशी सगळीकडून अडवणूक झाली की तेवढंच मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडाला जास्त दाब लागतो, आणि शरीर तो दाब वाढवून देतं. म्हणून वजन असलेल्या माणसाला खारट खाणं सडपातळ माणसापेक्षा जास्त बाधतं.

आता हिशोब. अनेक चाचण्या एकत्र करून काढलेली सरासरी अशी आहे की एक किलो वजन उतरलं की वरचा आकडा साधारण एका पॉइंटने उतरतो, खालचा जरा कमी. सरासरीच ती, कुणाचा याहून बराच उतरतो, कुणाचा जेमतेम. तुम्ही ८ किलो उतरवलेत तर १४८ चे १४० होतील असं धरा. १३०/८० च्या आत यायला तेवढं पुरणार नाही. मीठ कमी केलं की आणखी चार-पाच पॉइंट आणि रोजच्या चालण्याने आणखी तितकेच, असं जोडत जावं लागतं.

तुमचा बीएमआय (वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३० ला टेकलाय. तो भारतीयांसाठीच्या २३ च्या आत आणायचा तर ६५ किलोवर यावं लागेल. हा आकडा ऐकूनच निम्मी माणसं नाद सोडतात, म्हणून तो सध्या बाजूला ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत ४ किलो, पुढच्या पाच-सहा महिन्यांत आणखी ४, एवढंच डोळ्यांपुढे ठेवा. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत बीपी अजून हद्दीच्या आत असलेल्या जाड माणसांपैकी ज्यांनी सहा महिन्यांत साडेचार किलो उतरवले आणि पुढची अडीच वर्षं टिकवले, त्यांच्यात उच्च रक्तदाब जडण्याचा धोका ६५ टक्क्यांनी कमी दिसला. ज्यांचं वजन परत चढलं, त्यांचा दाबही मागोमाग चढला. उतरवण्यापेक्षा टिकवणं अवघड, आणि फायदा टिकवण्यातच आहे.

गोळीविना थांबायचं किती? तुमच्या आकड्यांना, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा हृदयविकार नसेल तर फार तर तीन महिने. त्यांपैकी काही असेल तर गोळी आणि वजन दोन्ही एकदमच सुरू करायचं. आणि तीन महिने म्हणजे तीन महिने. गणपती झाले की बघू, मग शिमगा झाला की बघू, असे तीन महिने नव्हेत.

प्रश्न : मी ५२ वर्षांची, उंची १५५, वजन ५४ किलो. कुणीही मला जाडी म्हणणार नाही. तरी बीपीची गोळी लागली. मग वजनाचं हे सगळं खरं कशावरून? (मालवण)

काटा सगळं सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. हातपाय बारीक, स्नायू कमी आणि पोटात चरबी, ही आपल्याकडची ठेवणच आहे. म्हणून आपल्यासाठी हद्दीही कडक आहेत: २३ च्या पुढे वजन जादा, २५ च्या पुढे लठ्ठपणा; कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत.

तुमचा बीएमआय २२.५ आहे, तेव्हा आता मोजपट्टी काढा. परकराची नाडी बांधतो तिथे कंबर मोजायची नाही. तिथे आकडा हमखास चुकतो. बाजूने हात फिरवून शेवटची बरगडी शोधा, खाली कमरेच्या हाडाचा वरचा कठडा शोधा, आणि या दोघांच्या बरोबर मध्ये पट्टी उघड्या अंगावर, जमिनीला समांतर फिरवा. श्वास सहज सोडल्यावर वाचा. पोट आत ओढून वाचलेला आकडा कुणाच्याच कामाचा नसतो. दुसरी सोपी खूण म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. तुमच्या बाबतीत ७७ सेंटिमीटर.

कंबर त्या आत असेल तर मात्र वजनाला दोष देऊ नका आणि उपाशी राहून आणखी बारीक होऊ नका. कारण दुसरीकडे शोधायला हवं: आई-वडिलांचं बीपी, पाळी गेल्यानंतरचा बदल, मीठ, थायरॉइड, मूत्रपिंड. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची), पोटॅशियम, टीएसएच (थायरॉइडची) आणि लघवीतलं प्रथिन या चार तपासण्या एकदा झाल्याच पाहिजेत. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन नेहमी घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. या गोळ्या मीठ अडवतात आणि बीपीच्या गोळीचा परिणामही कमी करतात. सर्दीच्या गोळीतलं फिनाइलएफ्रिनही दाब चढवू शकतं. आणि खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळायची सवय असेल तर तीही सोडा. घरगुती म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण ज्येष्ठमधाने शरीरात मीठ साचतं, पोटॅशियम घटतं आणि दाब चढतो.

प्रश्न : घरच्या मशीनवर १५६ आणि दवाखान्यात १३८, असं नेहमी होतं. माझं वजन ९७ किलो. लोकांचं दवाखान्यात वाढतं, माझं घरी वाढतं. मशीन बदलू का? (रत्नागिरी)

आधी पट्टा बघा. खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर मोजा. मशीनबरोबर येणारा साधा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. हे आकडे पट्ट्यावरच छापलेले असतात. ९७ किलोच्या माणसाचा दंड सहज ३५-३६ भरतो. लहान पट्ट्याची आतली फुगणारी पिशवी दंडाला पुरेशी वेढत नाही. मग रोहिणी (दंडातली रक्तवाहिनी) दाबायला मशीनला जास्त हवा भरावी लागते, आणि तो जास्तीचा दाब तुमच्या नावावर लागतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ज्यांना मोठा पट्टा हवा होता त्यांना साधा लावला तर वरचा आकडा सुमारे ५ ने जास्त आला, आणि ज्यांना सर्वांत मोठा हवा होता त्यांचा तर जवळजवळ २० ने. उलटही खरं आहे. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला तर आकडा कमी दिसतो. म्हणजे नवरा-बायकोत एकच मशीन असायला हरकत नाही, पण एकच पट्टा चालेलच असं नाही.

दुकानात 'लार्ज कफ' किंवा २२ ते ४२ असं लिहिलेला पट्टा मागा, तोही त्याच कंपनीच्या त्याच मशीनला चालणारा. दुसऱ्या कंपनीची नळी बसते, पण आकडे बिघडतात. मनगटावरचं मशीन दंडाला कुठलाच पट्टा पुरत नसेल तरच घ्या, आणि मोजताना मनगट छातीच्या उंचीला धरा.

पट्टा ठीक असेल तर मोजायची पद्धत तपासा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मशेरी, जिना चढणं नको. लघवीला जाऊन या. तुंबलेल्या लघवीनेही आकडा चढतो. पाठ टेकवून खुर्चीवर बसा. पाय जमिनीवर सपाट, एकावर एक टाकलेले नकोत. ओटीवर मांडी घालून किंवा झोपाळ्यावर बसून मोजू नका. पाच मिनिटं गप्प, फोनही नको. शर्टाची बाही वर सरकवली की ती दंडाला करकचते, त्यापेक्षा हात बाहीतून काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीला. हात मांडीवर किंवा लोंबता ठेवला की आकडा फुगतो; घरी जास्त येण्याचं हे दुसरं मोठं कारण. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा.

हे सात दिवस, सकाळी गोळी आणि चहाच्या आधी आणि रात्री जेवणाआधी करा. पहिल्या दिवसाचे आकडे खोडा, उरलेल्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ते खरं उच्च बीपी. दवाखान्यातली हद्द १४०/९० आहे, घरची तिच्याहून थोडी खाली, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

किनाऱ्याच्या खाऱ्या दमट हवेत सेलच्या कप्प्यातल्या पत्र्यांना गंज चढतो, रबरी नळीला सांध्याशी चीर जाते आणि पावसाळ्यानंतर पट्टा नीट चिकटेनासा होतो. फुगताना 'सूं' आवाज येत राहिला तर हवा गळते आहे. वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात न्या आणि तिथल्या मशीनच्या मागोमाग त्याच हातावर लावून बघा.

प्रश्न : घरात चार माणसं, दोघांना बीपी, तिघे वजनदार. साधं मीठ बंद करून सैंधव आणलं. पण सुकी मासळी, लोणचं, पापड, सोलकढी यांशिवाय आमचं जेवण होत नाही. काय ठेवू, काय काढू? (देवगड)

सैंधव हेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी, काम तेच. त्यात आयोडीन घातलेलं नसेल तर ते उलट गमावता. पादेलोण, समुद्री खडेमीठ, सगळ्यांची तीच कथा.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रामच्या आत हवं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात बाहेरचंही धरलेलं. घरात हे मोजायची सोपी युक्ती म्हणजे मिठाच्या एक किलोच्या पिशवीवर फोडल्याची तारीख लिहा. चार माणसांत ती महिन्यात संपली तर माणशी रोज ८ ग्रामपेक्षा जास्त झालं, तेही पाव-फरसाण न धरता. पिशवी ६५ दिवस पुरली तर स्वयंपाकातून माणशी पावणेचार ग्राम जातंय आणि पाव, पापड यांतल्या छुप्या मिठाला थोडी जागा उरते. मासे धुवायचं आणि लोणच्याचं मीठ वेगळ्या बरणीत काढा, नाहीतर हिशोब फसेल. जेवताना पानात वाढलेलं मीठ आधी बंद करा. मीठदाणी ताटाशेजारून हलली तरी फरक पडतो.

सुक्या मासळीत सरसकट एकच नियम नाही. वलांडीवर उन्हात वाळवलेला बोंबील बहुधा मीठ न लावता सुकवलेला असतो. खारवलेला बांगडा, खारवलेली सुरमई ही मात्र मिठातच मुरलेली. बाजारात विचारून घ्या. तुकड्यावर मिठाची पांढरी पूड दिसली किंवा बोट लावून चाटल्यावर जीभ आखडली तर ती खारवलेली. अशी मासळी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी फेकायचं, पुन्हा ताजं पाणी घालून तसंच, आणि मग कालवणात वरून मीठ घालायचंच नाही. सगळं मीठ यानेही जात नाही, म्हणून आठवड्यातून एखाद्या वेळी. रोजचं कालवण ताज्या बांगड्या-तारल्यांचं असू द्या, तेच स्वस्तही पडतं आणि हृदयालाही चांगलं.

सोलकढीचं गणित आगळावर (कोकमाच्या अर्कावर) आहे. आगळ टिकावा म्हणून त्यात भरपूर मीठ असतं. त्याची कढी करताना वर चिमूटभरही मीठ लागत नाही. सोलं घेताना चाखून कमी मिठाची घ्या. पापड उडदाचा असेल तर एकात साधारण अर्धा ग्राम मीठ, पावातही तेवढंच. लोणच्याच्या मोठ्या फोडीत खारासकट दीड ग्रामपर्यंत जातं. खारातली कैरी आणि मिठातले गरे यांबद्दल तडजोड सुचवता येत नाही, ते मीठच आहे. सणावाराला एक तुकडा, बस. काढायचंच तर आधी संध्याकाळचं फरसाण काढा. त्यात मीठही आहे, तेलही आहे आणि पोट भरल्याचं समाधानही नाही.

चव कुठून आणायची? तिरफळ, कोकम, लिंबू, लसूण, मिरीची पूड, ओली मिरची, भाजलेलं जिरं. जिभेला सवय व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर घरात कुरकुर होणार.

'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे मिळतं त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. बहुतेकांना ते फायद्याचं आहे. पण ज्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे, किंवा जे टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते स्वयंपाकात आणू नये. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचा ठोका बिघडू शकतो. एका शहाळ्यातही पाचशे मिलिग्रामच्या वर पोटॅशियम असतं, तेव्हा हीच मंडळी रोज दोन-तीन शहाळी पीत असतील तर तेही सांगावं. बाकीच्यांनी शहाळं खुशाल प्यावं.

प्रश्न : वजन उतरवायला भात बंद करा म्हणतात. कोकणात राहून भात सोडायचा म्हणजे घरचं पान सोडल्यासारखंच. दुसरा मार्ग नाही? (गुहागर)

भात सोडायची गरज नाही, वाढण्याची पद्धत बदलायची आहे. शिजलेल्या भाताची एक वाटी (दीडशे ग्राम) म्हणजे साधारण दोनशे कॅलरी. उलथन्याने वाढलेला डोंगर तीन-साडेतीन वाट्यांचा निघतो आणि 'थोडाच घेतला' असं वाटतं. आठवडाभर वाटीनेच वाढा. दुपारी दोन, रात्री एक. पानात भाताआधी भाजी आणि मासा घ्या, भात शेवटी. उकडा तांदूळ, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, वालाचं बिरडं, लाल माठ, शेवग्याचा पाला, टाकळा, हे सगळं आपल्याच परसातलं आहे. वजनासाठी ओट्स विकत आणायची सक्ती कुणी केलेली नाही.

खरी भर तेलात आणि खोबऱ्यात असते. शंभर ग्राम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशे कॅलरी. चौघांच्या कालवणाला अख्खा नारळ जात असेल तर निम्मा करा, आणि वाटणाची जाडी भाजलेल्या कांद्यावर किंवा थोड्या भिजवलेल्या डाळीवर घ्या. तेल माणशी दिवसाला २० ग्राम धरलं तर चार माणसांना महिन्याला अडीच लिटरच्या आसपास पुरायला हवं. तुमचा डबा किती दिवसांत संपतो ते बघा. रव्यात घोळवून तळलेली सुरमई बरंच तेल पिते. तीच तव्यावर दोन चमचे तेलात, झाकण ठेवून केली तर चव फारशी जात नाही.

मग चहा. दिवसाला तीन कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ३० ग्राम साखर आणि १२० कॅलरी. सोबतचे बटर आणि खारी वेगळे. काजू मूठभर म्हणता म्हणता ५० ग्राम होतात, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी. मोजून आठ-दहा घ्या, बिनमिठाचे. हापूस एक खाल्ला तर शंभराच्या आत-बाहेर कॅलरी, त्याला घाबरू नका. आमरसात साखर पडते आणि त्यासोबत सहा पुऱ्या जातात, तिथे घोटाळा होतो.

रोज ५०० कॅलरी कमी झाल्या तर सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरतं. दोन-तीन महिन्यांनी वेग मंदावतो, कारण हलक्या झालेल्या शरीराला लागतंच कमी. तेव्हा लोक 'आता उपयोग नाही' म्हणून सोडतात, आणि नेमकं तेव्हाच धरून ठेवायचं असतं. आठवड्यातून एकदाच वजन करा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. दोन-तीन दिवसांत एकदम दोन किलो वाढले आणि पायांना सूज किंवा धाप असेल तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

दारूतल्या अल्कोहोलमध्येही ग्रामला सात कॅलरी असतात आणि दारू स्वतंत्रपणेही बीपी चढवते. माडी असो की विलायती, शरीर भेद करत नाही.

प्रश्न : पावसात चार महिने चालणं बंद होतं आणि दिवाळीपर्यंत तीन किलो चढलेले असतात. (सावंतवाडी)

पडवी मोजा. दहा मीटर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर, शंभर फेऱ्यांना दोन किलोमीटर. एकदम कंटाळा येतो म्हणून दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा, आठवड्यातून पाच दिवस. वेग असा हवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. ८५ किलोच्या माणसाच्या यात दीडशेच्या आसपास कॅलरी जातात, म्हणजे पाऊण वाटी भात. तेव्हा नुसत्या चालण्याने काटा फारसा हलत नाही, पण बीपी मात्र वजन न उतरताही उतरतं. ही गोष्ट लक्षात नसल्यामुळे कितीतरी जण काट्यावर रागावून चालणं सोडतात.

पावसाळ्यासाठी आणखी एक सोय म्हणजे भिंतीला पाठ लावून, नसलेल्या खुर्चीवर बसल्यासारखं थांबणं. दोन मिनिटं थांबा, दोन मिनिटं विश्रांती, असं चारदा, आठवड्यातून तीन दिवस. सुरुवात तीस सेकंदांनी करा आणि गुडघे दुखत असतील तर थोडे वरच थांबा. श्वास मुळीच रोखायचा नाही. रोखला की त्या क्षणी दाब उसळतो. बीपी १८०/११० च्या वर असेल तर ते आटोक्यात येईपर्यंत हे करू नका. लावणीचे दिवस हा भरपूर व्यायाम आहे, पण तो पंधरा-वीस दिवसांचा. त्याच्या जोरावर वर्ष काढता येत नाही.

प्रश्न : नवरा मच्छीमार, वजन १०४ किलो. तीन गोळ्या चालू आहेत तरी बीपी उतरत नाही. रात्री इतका घोरतो की शेजारच्या खोलीत झोप लागत नाही. (हर्णै)

घोरता घोरता मध्येच आवाज बंद होतो का, आणि मग गुदमरल्यासारखा दचकून श्वास घेतात का, ते दोन रात्री बघा. शक्य असेल तर मोबाइलवर टिपून डॉक्टरांना दाखवा. मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या पुढे, सकाळी डोकं जड, दिवसा बसल्याजागी डुलकी, आणि सोबत हे बीपी, अशी जोडी असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार जवळपास पक्का समजून तपासणी करावी. प्रत्येक वेळी श्वास अडला की ऑक्सिजन घसरतो आणि शरीर घाबरून दाब वाढवतं, रात्रभर. चौथी गोळी वाढवण्याआधी झोपेची तपासणी मागा. हवा देणारं सीपॅप मशीन लागलं तर बीपी दोन-तीन पॉइंटच उतरतं, वजन उतरलं तर दोन्ही सुधारतं. तोवर रात्रीची दारू आणि झोपेची गोळी बंद, आणि उताणं न झोपता कुशीवर झोपायचं. बोट हाकताना डुलकी लागत असेल तर सुकाणू दुसऱ्याकडे द्यावं. मासेमारी बंदीच्या काळात काम थांबतं पण ताट तेवढंच राहतं, हेही बघा.

प्रश्न : दहा महिन्यांत ११ किलो उतरवले. आता अॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन दोन्ही चालू असताना बीपी १०६/६६ येतं, उठताना गरगरतं. गोळ्या सोडू? पायांवर सूजही आहे. (वेंगुर्ला)

अकरा किलो ही मोठी कमाई आहे, पण गोळ्या स्वतः सोडू नका, कमी करून घ्या. आधी हे मोजा: पाच मिनिटं बसून एकदा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर ती वही घेऊन दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे जा. चक्कर येऊन पडायला होत असेल तर त्याच दिवशी. साधारणपणे एका वेळी एकच गोळी अर्धी किंवा बंद करतात आणि दोन ते चार आठवडे बीपी बघतात. तुमची पायांची सूज अॅम्लोडिपिनची असण्याची शक्यता बरीच आहे. ती रक्तवाहिन्यांतून झिरपलेली सूज असते, वजन नव्हे. पण सूज दोन्ही पायांवर सारखी आहे का, धाप लागते का, हे डॉक्टरांनी बघायला हवं. एखाद्याला अॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन चालू असेल तर ती एकदम बंद केली की दाब उसळी मारतो. अशांनी तर विचारल्याशिवाय एक डोसही चुकवू नये. एप्रिल-मेच्या घामाच्या दिवसांत, विशेषतः लघवीची गोळी असेल तर, गरगरणं वाढतं.

गोळी सुटली तरी मोजणं सोडू नका, महिन्यातून दोन-तीन दिवस. गावातल्या आरोग्य उपकेंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी मोफत मोजतात. उच्च रक्तदाबासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता, तेव्हा सरकारी केंद्रांत या गोळ्या आणि बीपीचं कार्ड मिळतं. त्याचा उपयोग करा.

प्रश्न : वजन उतरवायचं इंजेक्शन घेतलं तर बीपीची गोळी लागणार नाही ना? वय ३४, वजन ११० किलो. (अलिबाग)

सेमाग्लुटाइड, तिर्झेपटाइड यांनी वजन आणि त्यामागे बीपी, दोन्ही उतरतात. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, आणि बंद केलं की वजन बरंचसं परत येतं, सोबत दाबही. उलट्या-जुलाब झाले तर पाणी कमी होऊन बीपीच्या गोळ्या जड पडतात, म्हणून त्या दिवशी डॉक्टरांना फोन करा. चौतिसाव्या वर्षीच बीपी असेल तर इंजेक्शनाआधी मूत्रपिंडाच्या आणि हॉर्मोनच्या तपासण्या हव्यात. चरबी 'जाळणाऱ्या' डब्यांतल्या पावडरींत बऱ्याचदा कॅफीनसारखी उत्तेजकं असतात. त्या बीपी चढवतात, त्या घेऊ नका.

प्रश्न : भावाचं वजन जास्त आहे. परवा मशीनवर १८४/१२२ दिसलं, त्रास काहीच नव्हता. शेजाऱ्यांनी जिभेखाली गोळी ठेवायला सांगितली. ठेवली नाही, बरोबर केलं का? (राजापूर)

बरोबर केलंत. जिभेखाली ठेवलेल्या निफेडिपिनने दाब धाडकन पडतो आणि मेंदूला किंवा हृदयाला रक्त कमी पडून झटका येऊ शकतो. असा आकडा दिसला की शांत बसवा, दंडाला बसेल असा पट्टा लावून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तरीही १८०/१२० च्या वर असेल पण त्रास नसेल, तर रोजची गोळी चुकली आहे का ते बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, अंधारी किंवा असह्य डोकेदुखी यांपैकी एकही असेल तर फोनवर सल्ले गोळा करत बसू नका. १०८ ला फोन करा. तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला ती नेमकी वेळ घड्याळात बघून कागदावर लिहा, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरा आणि दोन्ही गाडीत सोबत द्या. लांबच्या वाडीवरून निघताना रुग्णालयात सीटी स्कॅन आहे का हे रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना विचारून घ्या.